कमांड लाइनवरून टेप ड्राइव्ह कसा चालवावा

डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे हे ऑपरेटिंग सिस्टीम बघते. टेपवर ते आपल्यालाच बघावं लागतं. तिथे फोल्डर नसतात, बॅकअपला नावही नसतं. एकामागून एक लिहिलेला डेटा असतो आणि प्रत्येक बॅकअपच्या शेवटी फाइलमार्क नावाची एक खूण. त्यामुळे लिनक्सवर टेप हाताळताना दर आज्ञेआधी एक गोष्ट माहीत हवी: टेप आत्ता कुठे उभी आहे.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या छोट्या रोमन अक्षरांत टाइप करा, डॅश आणि तिरप्या रेषा जशाच्या तशा ठेवा.

आधी एमटी-एसटी हे पॅकेज बसवून घ्या; टेप पुढेमागे हलवणारी 'एमटी' ही आज्ञा त्यातच येते. मग ड्राइव्ह दिसतोय का ते पाहा:

एलएसएससीएसआय -जी

यादीत 'टेप' असं लिहिलेली ओळ सापडली की पुढचं सोपं आहे. पहिल्या ड्राइव्हला दोन नावं मिळतात: /डेव्ह/एसटी० आणि /डेव्ह/एनएसटी०. यंत्र एकच, वागणूक मात्र वेगळी. एसटी० वापरलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी० वापरलं तर ती असेल तिथेच थांबते. समजा, एसटी० वापरून लागोपाठ दोन बॅकअप घेतले. पहिला संपताच टेप मागे गेली, दुसरा थेट त्याच्यावर लिहिला गेला, आणि पडद्यावर चूक झाल्याचा एक शब्दही आला नाही. म्हणून हाताने काम करताना एनएसटी०च वापरा.

आता जागा विचारा:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० स्टेटस

उत्तरात 'फाइल नंबर' (टेप कितव्या बॅकअपवर आहे) आणि 'ब्लॉक नंबर' (त्यातल्या कितव्या ब्लॉकवर, म्हणजे एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यावर) वाचा. शेवटच्या ओळीत बीओटी दिसलं तर टेप अगदी सुरुवातीला आहे, ईओडी दिसलं तर डेटा जिथे संपतो तिथे. डब्ल्यूआर-प्रॉट म्हणजे कार्ट्रिजची लेखनबंदीची खिट्टी लावलेली आहे. डीआर-ओपन दिसलं तर ड्राइव्हमध्ये टेपच नाही.

जुन्या बॅकअपांच्या पुढे नवा जोडायचा असेल, तर आधी डेटाच्या शेवटी जा आणि मगच टारने (फाइली एकत्र बांधून लिहिणारी आणि वाचणारी आज्ञा) लिहा:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ईओडी
एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०
टार -बी ५१२ -सीव्हीएफ /डेव्ह/एनएसटी० /होम

पहिली ओळ कधीही गाळू नका. टेपच्या मध्येच लिहिलं तर फक्त तेवढाच भाग बदलतो असं नाही. नव्या लिखाणानंतर ड्राइव्ह डेटाचा शेवट तिथेच मानतो, आणि त्यापुढचे सगळे बॅकअप नेहमीच्या आज्ञांनी वाचता येत नाहीत.

सेटबीएलके ० मुळे ब्लॉकचा आकार टार ठरवतो. एरवी टार १०,२४० बाइटचे ब्लॉक लिहितो, आजच्या वेगवान ड्राइव्हसाठी ते फार लहान आहेत. '-बी ५१२' दिलं की ब्लॉक २५६ किलोबाइटचा होतो. वाचतानाही हाच आकडा द्या. तो विसरलात तर 'कॅनॉट अलोकेट मेमरी' अशी तक्रार येते आणि माणूस रॅम तपासत बसतो. रॅमचा इथे काही संबंध नाही: टेपवरचा ब्लॉक मोठा आहे आणि टारने त्यासाठी जागा कमी मागितली आहे, एवढंच. आकडा कार्ट्रिजच्या लेबलवर लिहून ठेवलेला बरा.

परत मिळवायचं असेल तर मोजणी शून्यापासून होते हे लक्षात ठेवा. तिसरा बॅकअप हवा असेल तर:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० एएसएफ २
टार -बी ५१२ -टीव्हीएफ /डेव्ह/एनएसटी०

ही झाली यादी. फाइली काढायच्या तर टीव्हीएफच्या जागी एक्सव्हीएफ, पण त्याआधी एएसएफ २ पुन्हा द्या, कारण यादी वाचताना टेप पुढे सरकलेली असते. पुढे सरकायला एफएसएफ आणि मागे यायला बीएसएफ आहे, पण बीएसएफ फसवतं. ते खूण ओलांडून तिच्या अलीकडे, म्हणजे आधीच्या बॅकअपच्या टोकाला थांबतं, आणि तिथून टारच्या हाती काहीच लागत नाही. एएसएफ आधी टेप पूर्ण गुंडाळतं, मग खुणा मोजत पुढे येतं. वेळ थोडा जास्त जातो, पण जागा नक्की असते.

या आज्ञा चालू असताना पडदा गप्प असतो. एलटीओ-८ या प्रकारच्या कार्ट्रिजमधली टेप ९६० मीटर लांब आहे, तिला गुंडाळायला वेळ लागणारच. अडकलंय असं समजून कंट्रोल-सी दाबू नका. 'इरेज' मात्र सहज म्हणून देऊ नका. ते आख्खी टेप पुसतं, आजच्या मोठ्या टेपवर कित्येक तास चालतं आणि सहसा मध्येच थांबवता येत नाही. जुनी टेप नव्याने वापरायची असेल तर 'रिवाइंड' करून सुरुवातीपासून लिहिणं पुरेसं असतं.

काम झालं की:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ऑफलाइन

टेप गुंडाळली जाऊन कार्ट्रिज बाहेर येतं. तेव्हाच खिट्टी सरकवून लेखनबंदी करा आणि लेबलवर फाइल नंबर, तारीख, ब्लॉकचा आकडा लिहा.