पाच एचपीचं इंजिन खरंच पाच एचपी देतं का? दोर लावून मोजा

दुरुस्त होऊन आलेल्या इंजिनाचा आवाज ऐकून ‘ताकद आहे’ म्हणणारे खूप भेटतात. मी पॉलिटेक्निकच्या इंजिन लॅबमध्ये मुलांना सांगतो, कान बाजूला ठेवा, दोर लावा. आमचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन ५ एचपी, १५०० आरपीएमचं (मिनिटाला १५०० फेऱ्यांचं) आहे. त्याचाच हिशोब सांगतो.

शाफ्टवर ब्रेक ड्रम असतो. त्यावर दोर गुंडाळायचा, एक टोक वर चौकटीला स्प्रिंग बॅलन्समधून (स्प्रिंगच्या वजनकाट्यातून) अडकवायचं, दुसऱ्याला वजनं लटकवायची. ड्रम फिरताना वजन उचलायला बघेल आणि स्प्रिंग सैल करेल, अशीच दिशा हवी. वजनांच्या हँगरपासून जमिनीतल्या हुकाला सैल साखळी बांधाच. दोर ड्रमला धरून बसला तर वजनं वर भिरकावली जातात. साखळी दिसली नाही तर मी हँडल मारू देत नाही.

ड्रमच्या आतल्या खाचेत पाणी घाला. इंजिनाची सगळी ताकद तिथे उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्ण लोडवर तासाला पाचेक लिटर पाण्याची वाफ होते. पाणी संपलं की दोर करपल्याचा वास येतो.

इंजिन रिकामं सुरू करा, गरम होऊ द्या, मग एकेक वजन चढवा. दर वेळी चार-पाच मिनिटं थांबा. स्प्रिंगचा काटा थरथरतो, कारण चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. थरथरीच्या मधला आकडा घ्या. त्याच क्षणी दुसऱ्याने आरपीएम वाचायचा. आधी वजन, मग सावकाश वेग, असं केलं की तोवर गव्हर्नरने (वेग सांभाळायला इंधन कमी-जास्त करणाऱ्या भागाने) इंधन बदललेलं असतं आणि दोन आकडे दोन वेगळ्या स्थितींचे होतात.

वेगासाठी टॅकोमीटरचं रबरी टोक शाफ्टच्या मधल्या खड्ड्यात सरळ दाबा. तिरकं धरलं तर ते घसरतं आणि आकडा कमी येतो. ऑप्टिकल असेल तर चमकती पट्टी एकच लावा, दोन लावल्या की वेग दुप्पट दिसतो. पडताळा हवा असेल तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फ्लायव्हीलवर खडूची एक रेघ ओढा. ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, १५०० आरपीएमला चाक २५ फेऱ्या घेतं, म्हणून रेघ चार जागी थांबलेली दिसते. पण चाक फिरतंच आहे, हात लांब ठेवा!

आता आकडे. हँगर धरून वजन १७ किलो, स्प्रिंग २ किलो, म्हणजे ओढ १५ किलो, गुणिले ९.८१, १४७ न्यूटन. ड्रमचा व्यास ३०० मिमी, दोर २० मिमी जाड. त्रिज्या १५० नव्हे, १६० मिमी, कारण ओढ दोराच्या मध्यातून लागते. ही जाडी विसरलात तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर (ओढ गुणिले त्रिज्या), सहा टक्के कमी येतो आणि चांगल्या इंजिनावर उगाच ठपका बसतो. टॉर्क झाला २३.५ न्यूटन-मीटर. वेग १४९६ असेल तर २ × ३.१४१६ × १४९६ × २३.५ ÷ ६० म्हणजे सुमारे ३६८० वॅट. पाच मेट्रिक एचपी ३६७८ वॅटच असतात.

बारा किलोच्या ओढीलाच वेग कोसळून काळा धूर येऊ लागला, तर एअर फिल्टर, नोझल आणि कॉम्प्रेशन तपासा.

बंद करताना आधी वजनं उतरवा, दोर सैल करा, दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या, मगच इंधन तोडा.