कॉल लावायच्या आधी ठिपका बघा
टीम्सवर (मायक्रोसॉफ्टचं ऑफिसातल्या कॉल-मेसेजचं ॲप) कॉल लावायच्या आधी समोरच्याच्या फोटोवरचा ठिपका बघा, हिरवा असेल तर बिनधास्त लावा, लाल असेल तर मेसेज टाकून ठेवा, पिवळा म्हणजे माणूस जागेवर नाही (बहुतेक चहाला गेलाय). स्वतःचा स्टेटस मेसेजपण लिहा, "साइटवर आहे, ४ नंतर बोलू" असा, आणि खाली मेसेज करणाऱ्याला तो दिसावा असं एक ऑप्शन असतं ते टिक करा, नाहीतर कोण वाचतंय! बाहेर भेटायचं असेल तर व्हॉट्सॲपवर अटॅचमेंटमधून लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा (१५ मिनिटं, १ तास नाहीतर ८ तास, एवढंच निवडता येतं), कारण "पोचतोच दोन मिनिटात" म्हणणारा नकाशावर अजून कात्रजलाच दिसतो. भेट झाली की शेअरिंग लगेच बंद करायचं.