सोरायसिस आहे? मग सांध्यांची आणि मनाची तपासणी टाळू नका

सोलापुरात बोटं दुखणं ही तक्रारच धरली जात नाही. विड्या वळणाऱ्या बाईची बोटं दुखणारच, यंत्रमागावर दिवसभर उभं राहणाऱ्याची टाच धरणारच, असं मानूनच घरं चालतात. सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठण्याचा आजार असलेल्यांना मात्र हा समज फार महागात पडतो. त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा सांध्यांचा वात होतो, आणि बहुतेकदा तो चट्टे उठल्यावर काही वर्षांनी येतो.

कामाचं दुखणं संध्याकाळी वाढतं आणि विश्रांती मिळाली की उतरतं. या आजाराचं उलटं असतं. सकाळी अर्धा तास किंवा जास्त वेळ मूठ वळत नाही, हातपाय हलवले की सांधे मोकळे होतात. एखादं अख्खं बोट सुजणं, टाच दुखणं, नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडणं, यांपैकी काहीही दिसलं तरी डॉक्टरांना सांगा. चट्टे थोडेच आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. डॉक्टरांकडे पाच प्रश्नांची ‘पेस्ट’ नावाची चाचणी असते. तीन उत्तरं ‘हो’ आली तर संधिवाततज्ज्ञांकडे जायचं. ती वर्षातून एकदा तरी व्हावी.

‘आरए फॅक्टर (वातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला, म्हणजे वात नाही’ हे ऐकून घरी परतू नका. या आजारात ती तपासणी बहुतेकदा निगेटिव्हच येते, सुरुवातीला एक्स-रेही साफ दिसू शकतो. युरिक ॲसिड तर सोरायसिसमध्येही वाढतं, त्यामुळे तेवढ्यावर गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा वात) ठरवता येत नाही. निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांधे झिजू शकतात, आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेणं तर धोक्याचंच, कारण त्या अचानक बंद केल्या की सोरायसिस भडकतो.

सोरायसिससोबत डिप्रेशनही येऊ शकतं, पण मनाची तपासणी बहुधा राहूनच जाते. सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर ‘टेन्शन आहे का?’ विचारलं, तर बाई ‘नाही’ म्हणणारच. डॉक्टरांनी तिला एकटीला विचारावं. शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या पेशंटला तेलुगूत, गरज असेल तिथे कन्नडमध्ये विचारावं. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? किती दिवस त्यानुसार प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात; दोन्हींचे मिळून तीन किंवा जास्त भरले, तर नऊ प्रश्नांची पूर्ण चाचणी करावी. त्यात जीव नकोसा वाटण्याबद्दलही प्रश्न आहे. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, त्यामुळे तो प्रश्न गाळू नये. पूर्वी डिप्रेशन येऊन गेलं असेल, तर एप्रेमिलास्ट ही सोरायसिसवरची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा.

सिव्हिलमध्ये, म्हणजे सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात, त्वचारोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. रात्री-अपरात्री फारच बिनसलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. आणि बोट सुजलं की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असू शकते.