जेरंड वापरताना होणाऱ्या चुका: मराठीतून विचार करणाऱ्यांनी या चुका टाळा

सोलापुरातील पदवीधर मुलामुलींचे नोकरीचे अर्ज वाचले, तर शेवटच्या ओळीत एक वाक्य हटकून चुकलेले आढळते: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' येथे 'हिअर' नव्हे, 'हिअरिंग' हवे. लिहिणाऱ्याला व्याकरण येत नसते असे नाही. 'टू'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते हा नियम त्याने शाळेत पाठ केलेला असतो आणि नेमका तोच त्याला येथे फसवतो. शिकवण्यांच्या छापील टिपणांतून मिळणाऱ्या क्रियापदांच्या लांबलचक याद्या या बाबतीत फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण चूक यादी विसरल्यामुळे होत नाही, तर मराठी वाक्याचा शेवट जसाच्या तसा इंग्रजीत नेल्यामुळे होते.

क्रियापदाला आयएनजी जोडून तयार झालेले आणि वाक्यात नामाचे काम करणारे रूप म्हणजे जेरंड. 'पोहणे आरोग्याला चांगले' या वाक्यातील 'पोहणे' हेच काम करते, म्हणून 'स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ' लिहिताना सहसा कोणी अडखळत नाही. अडचण पुढे येते. मराठीत क्रियापद नामासारखे वापरायचे झाले, तर 'विणणे' आहे, 'विणायला' आहे आणि 'चा', 'त', 'साठी', 'ऐवजी' यांना चिकटणारे 'विणण्या-' हे सामान्यरूपही आहे. इंग्रजीत मात्र 'वीव्हिंग' आणि 'टू वीव्ह' एवढीच मुख्य रूपे आहेत, आणि कोणत्या मराठी रूपासाठी कोणते इंग्रजी रूप घ्यावे याचा गोंधळ बहुतेक चुकांच्या मुळाशी असतो.

'-ायला' म्हणजे नेहमीच 'टू' नव्हे

'मला सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला मजा येते' हे वाक्य मनात धरून विद्यार्थी 'आय एन्जॉय टू वॉक' असे लिहितो, कारण 'फिरायला' म्हटले की त्याला 'टू वॉक' सुचते. 'एन्जॉय' या क्रियापदानंतर मात्र जेरंडच येते: 'आय एन्जॉय वॉकिंग बाय द लेक.' 'अव्हॉइड', 'फिनिश', 'माइंड', 'कीप', 'डिनाय' आणि 'कन्सिडर' यांचीही तीच रीत आहे. उलट 'वॉन्ट', 'डिसाइड', 'होप', 'रिफ्यूज', 'प्रॉमिस' यांच्यानंतर 'टू' हवे. 'लाइक'नंतर दोन्ही रूपे चालतात, पण 'वुड लाइक' आले की केवळ 'टू' घ्यावे; त्यामुळे अर्जात 'आय वुड लाइक जॉइनिंग युवर बँक' असे लिहू नये.

'सजेस्ट' हे क्रियापद मात्र वेगळ्याने सांगण्याजोगे आहे. 'सरांनी मला हा कोर्स करायला सुचवले' याचे भाषांतर बहुतेक जण 'सर सजेस्टेड मी टू डू धिस कोर्स' असे करतात. या वाक्यात 'मी' आणि 'टू' हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. 'सर सजेस्टेड डूइंग धिस कोर्स' किंवा 'सर सजेस्टेड दॅट आय डू धिस कोर्स' ही योग्य रूपे आहेत. 'ॲडव्हाइज्ड मी टू डू' हे बरोबर असल्यामुळेच गोंधळ वाढतो, आणि स्पर्धा परीक्षांतील चूक शोधण्याच्या प्रश्नांना अशी जागा फार सोयीची असते.

काही क्रियापदांपुढे दोन्ही रूपे येतात, पण अर्थ बदलतो. 'रिक्षावाला सात रस्ता चौकात बोलायचा थांबला' आणि 'रिक्षावाला सात रस्ता चौकात बोलायला थांबला' या दोन वाक्यांतील फरक मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात बोलणे बंद झाले, म्हणून 'स्टॉप्ड टॉकिंग'; दुसऱ्यात बोलण्यासाठी रिक्षा उभी राहिली, म्हणून 'स्टॉप्ड टू टॉक'. 'कुलूप लावल्याचे आठवते' हे 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' होते आणि 'कुलूप लावायचे लक्षात ठेव' हे 'रिमेंबर टू लॉक द डोअर' होते. शेवटच्या अक्षरांकडे न पाहता काम आधीच होऊन गेले आहे की व्हायचे आहे एवढे पाहिले, तर 'रिमेंबर' आणि 'फर्गेट' येथे चूक होत नाही.

'-ण्या-' दिसले की थांबून पाहा

'विणण्यात कुशल', 'बोलण्याऐवजी', 'निघण्याआधी', 'शिकण्याबद्दल' अशा रचनांत मराठी क्रियापद '-ण्या-' हे रूप घेते आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडले जाते. इंग्रजीत त्याच जागी प्रिपोझिशन आणि त्यानंतर जेरंड येते: 'गुड ॲट वीव्हिंग', 'इन्स्टेड ऑफ टॉकिंग', 'बिफोर लीव्हिंग', 'अबाउट लर्निंग'. 'न सांगता' हेही 'विदाउट टेलिंग' असेच होते, 'विदाउट टू टेल' असे कधीही नाही.

ही खूण बरीच विश्वासार्ह असली, तरी दोन ठिकाणी ती दगा देते. पहिले ठिकाण 'निर्णय', 'प्रयत्न', 'परवानगी', 'वचन' या शब्दांचे आहे: 'जाण्याचा निर्णय' हा 'डिसिजन टू गो' होतो, 'डिसिजन ऑफ गोइंग' होत नाही. दुसरे, आणि अधिक त्रासदायक, ठिकाण '-ण्यासाठी' हे आहे. माणसाचा हेतू सांगायचा असेल, तर 'टू' हवे: 'डॉ. कोटणीस वेन्ट टू चायना इन 1938 टू ट्रीट वूंडेड सोल्जर्स.' सोलापूरच्या या सुपुत्रावरील निबंधात विद्यार्थी येथे 'फॉर ट्रीटिंग' लिहितात. 'फॉर' आणि जेरंड ही जोडी वस्तूचा उपयोग सांगताना मात्र योग्य ठरते, जसे 'धिस लूम इज यूज्ड फॉर वीव्हिंग टॉवेल्स', किंवा आभार मानताना, जसे 'थँक यू फॉर कमिंग'. 'वी वेन्ट फॉर शॉपिंग टू नवी पेठ' या नेहमीच्या वाक्यातही 'फॉर' नको आणि 'टू'ही नको. 'वी वेन्ट शॉपिंग इन नवी पेठ' असे लिहावे.

आता सुरुवातीच्या 'टू'कडे वळू. इंग्रजीत 'टू' दोन प्रकारचा असतो. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, दुसरा प्रिपोझिशन असतो. ओळखण्याची युक्ती अशी की 'टू'नंतर 'इट' (म्हणजे 'ते'; 'खाणे' या अर्थाचे 'ईट' नव्हे) ठेवून वाक्य पूर्ण होते का ते पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून तेथे जेरंड हवे. 'आय वॉन्ट टू इट' याला काही अर्थच नाही, म्हणून तेथे मूळ रूप हवे. 'ऑब्जेक्ट टू', 'अकस्टम्ड टू' आणि 'विथ अ व्ह्यू टू' हे सारे या कसोटीला उतरतात. 'यूज्ड टू'च्या बाबतीत तर ही युक्ती फारच कामाची आहे. 'आजोबा पूर्वी गिरणीत काम करत' हे 'ही यूज्ड टू वर्क इन अ मिल' होते, तर 'त्यांना उन्हात काम करण्याची सवय आहे' हे 'ही इज यूज्ड टू वर्किंग इन द हीट' होते. येथे फरक 'इज' या एका शब्दाने पडतो.

वाक्याची घडण

जेरंड कर्ता असेल, तर क्रियापद एकवचनी राहते, मग मध्ये कितीही अनेकवचनी नामे येवोत. 'वीव्हिंग चादर्स ऑन ओल्ड लूम्स आर हार्ड वर्क' यात 'आर' चुकीचे आहे, कारण कठीण काम विणण्याचे आहे, चादरींचे नव्हे.

औपचारिक पत्रात जेरंडआधी स्वामित्वदर्शक रूप वापरणे चांगले: 'प्लीज एक्सक्यूज माय कमिंग लेट.' बोलताना 'मी कमिंग' चालून जाते, त्याचा फार बाऊ करू नये.

शेवटची चूक सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येते. 'सोलापूर स्थानकावर पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला' हे निर्दोष मराठी आहे. पोहोचणारे वेगळे आणि सुरू होणारे वेगळे असले, तरी आपल्या भाषेला त्याची अडचण वाटत नाही. 'आफ्टर रीचिंग सोलापूर स्टेशन, द रेन स्टार्टेड' या इंग्रजी वाक्यात मात्र स्थानकावर पाऊसच येऊन पोहोचतो, कारण स्वल्पविरामापुढचा कर्ता हाच 'रीचिंग'चाही कर्ता धरला जातो. व्यापारी पत्रांत तर 'आफ्टर रिसीव्हिंग युवर ऑर्डर, द टॉवेल्स वेअर डिस्पॅच्ड' असे सर्रास लिहिलेले असते आणि ऑर्डर टॉवेलांनीच स्वीकारल्यासारखे वाटते. अशा वेळी स्वल्पविरामापुढे खरा कर्ता आणावा, 'वी डिस्पॅच्ड द टॉवेल्स', नाही तर जेरंड सोडून 'आफ्टर वी रिसीव्ह्ड युवर ऑर्डर' अशी सुरुवात करावी.