गच्चीवरच्या काठीनं पृथ्वीचा कल कसा मोजायचा, कोल्हापूरकरांसाठी

मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या त्या चार तारखा शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केल्यात, पण थंडी का पडते असं विचारलं की आजही बरेच जण सांगतात, तेव्हा पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून. आहे नेमकं उलटं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला असते १५ कोटी २१ लाखांवर, म्हणजे ऐन थंडीत आपण जवळ आणि पावसाळ्यात लांब. ऋतू होतात ते पृथ्वीच्या अक्षाच्या कलामुळं, आणि हा कल पुस्तकातल्या आकृतीत बघत बसण्यापेक्षा आपला आपण मोजता येतो, एक काठी आणि टेप घेऊन.

बरोबर १ मीटरचा सरळ पाईप घ्या, वाळू भरलेल्या डब्यात उभा करा आणि डब्याच्या वरपासून नाही तर गच्चीच्या जमिनीपासून टोकापर्यंत १ मीटर भरतंय का ते बघा. पाईप ओळंब्यात पाहिजे आणि जमीन पाणसळीत, म्हणजे पाईप अगदी उभा आणि जमीन अगदी सपाट, यात तडजोड नको, कारण गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो आणि तिथंच सगळा हिशोब चुकतो. सरळ एक मोठी फळी टाकून ती पाणसळ लावून समपातळीत आणा आणि त्यावरच काम करा (मग उंची फळीपासून धरायची).

आता वेळ. घड्याळातले १२ म्हणजे आपल्याकडची मध्यान्ह नव्हे. भारताची वेळ ठरते ८२.५ रेखांशावरून आणि कोल्हापूर आहे सव्वा चौऱ्याहत्तरवर, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपण ३३ मिनिटं मागं, त्यात वर्षभर आणखी पाव तासापर्यंत मागंपुढं होतंच. २१ डिसेंबरला सूर्य डोक्यावरच्या रेषेत येतो १२:३१ च्या सुमाराला, २० मार्चला १२:४० ला. पण घड्याळावर विसंबूच नका, सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा आणि त्यातली सगळ्यात आखूड सावली घ्या. ती सावली ज्या बाजूला पडते ती खरी उत्तर, होकायंत्राची गरजच नाही. सावलीची कड पुसट दिसते, त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करायची.

डिसेंबरात २१ तारीख हुकली तरी चालतंय, अयनदिनाच्या (सूर्य दक्षिणेला किंवा उत्तरेला सगळ्यात लांब पोचतो त्या दिवसाच्या) आसपास सूर्य जवळजवळ थांबल्यासारखाच असतो, आठवडाभरात काही विशेष फरक पडत नाही. मार्चमध्ये मात्र २० किंवा २१ लाच मोजा, कारण संपाताच्या (दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाच्या) वेळी सूर्य रोज ०.४ अंश सरकतो आणि १ मीटरच्या काठीची सावली रोज पाऊण सेंटिमीटरनं कमी होते.

डिसेंबरची सावली भरेल साधारण ८४ सेंटिमीटर, मार्चची ३०. सावलीला काठीच्या उंचीनं भागा आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन (tan⁻¹) काढा, येतील ४०.१ अंश आणि १६.७ अंश. वजाबाकी केली की २३.४. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्तावर असतो आणि डिसेंबरात कलाइतकाच दक्षिणेला, म्हणून हाच तो कल. पहिल्यांदा हा आकडा आपल्या हातानं निघतो ना तेव्हा जे वाटतं ते पुस्तकात वाचून वाटत नाही. आणि तो १६.७ पण फुकटचा नाही, ते कोल्हापूरचे अक्षांश, रात्री ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो.

आता हे असं का होतं ते बघायला खोलीत मधोमध एक बल्ब लावा, रबरी चेंडूतून विणकामाची सुई आरपार घाला, सुई थोडी कलती धरा आणि बल्बभोवती फिरा, अट एकच, सुईचं वरचं टोक फेरीभर एकाच भिंतीकडं राहिलं पाहिजे, समजा पन्हाळ्याच्या बाजूच्या. बरेच जण फिरताना सुई पण फिरवतात आणि मग सगळंच बिघडतं. चेंडू आणि ती भिंत यांच्या मध्ये बल्ब आला की वरचं टोक उजेडाकडं झुकलेलं, तो जून. चेंडू भिंतीच्या बाजूला आला की तेच टोक उजेडापासून लांब, तो डिसेंबर. मधल्या दोन जागांवर सुई ना इकडं ना तिकडं, उजेड दोन्ही टोकांना सारखाच पोचतो, ते दोन संपात. सुई कुठंच हलली नाही, जागा तेवढी बदलली, एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

आणि आपल्या गावात तर याचा वर्षातून दोनदा सोहळाच होतो. अंबाबाईचा किरणोत्सव, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. देऊळ पश्चिमाभिमुख, मावळतीचे किरण गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत येतात. या तारखा अशा जोडीनं का? १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी मावळणार, दोन्ही वेळेला तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो आणि आपल्याकडं ठीक पश्चिमेच्या १८ अंश डावीकडं मावळतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना हे सरकणं किती बारकाईनं माहीत असेल याचा विचार करा राव.

रंकाळ्याच्या काठावर रोज एकाच जागी उभं राहून मावळतीची जागा टिपली तर हे सरकणं डोळ्यांनी दिसतं, डिसेंबर ते जून मिळून ४९ अंश. एवढं सरकूनही सूर्य पन्हाळ्यामागं काही मावळत नाही, पन्हाळा त्याच्याहून बराच उत्तरेला पडतो.

जूनचं मोजमाप मात्र आपल्याकडं अवघड, २१ जूनला आभाळ भरलेलं असतं. मिळालंच ऊन तर सावली येईल १२ सेंटिमीटर आणि तीही दक्षिणेला! ६ मेच्या आसपास भर दुपारी काठीची सावली गायबच होते, तिथून पुढं ऑगस्टच्या ६ तारखेच्या आसपासपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून मेअखेरीलाच मोजून घ्या, वळीव पडून आभाळ धुतलं गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी, दक्षिणेकडं ९ सेंटिमीटरच्या आसपास सावली सापडेल.