गुरगुरणाऱ्या इंजिनाची मोटर

खेळण्यातलं जुनं इंजिन रुळावर ठेवलं की नुसतं गुरगुरायचं. बोटाने ढकललं तर वीतभर सरकून पुन्हा ठप्प. आर्मेचर, म्हणजे तारेचं वाइंडिंग असलेला फिरणारा भाग, जळालं असणार असं धरूनच मोटर उघडली. मल्टिमीटर लावला तर कॉम्युटेटरच्या (वाइंडिंगला करंट पोचवणारं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) तिन्ही पट्ट्यांमध्ये, दोन-दोन घेऊन मोजलेला रेझिस्टन्स सारखाच, आणि पट्टी ते शाफ्ट (मधला दांडा) कनेक्शन अजिबात नाही. वाइंडिंग शाबूत होतं, उगाच घाबरलो.

खरा घोळ कॉम्युटेटरवर. तांबं दिसतच नव्हतं, तेल आणि कार्बनचा काळा राप चढलेला. पट्ट्यांमधल्या फटीही त्यानेच बुजलेल्या. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे करंट वाइंडिंग सोडून थेट शेजारच्या पट्टीवर जायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने राप काढला, फटी टूथपिकने कोरल्या. स्टील वूल चुकूनही नको, त्याचे तंतू मोटरमध्ये अडकून शॉर्ट करतात.

कॉम्युटेटरला टेकून करंट देणारा एक ब्रश झिजून इतका आखूड झाला होता की स्प्रिंगचा दाबच पोचत नव्हता. जोडीच बदलली. बेअरिंगला सुईच्या टोकाने एकच थेंब तेल. (मागच्या वेळी मीच सढळ हाताने ओतलं होतं!)

सुरुवातीला ठिणग्या उडाल्या. दहा मिनिटांत नवे ब्रश घासून कॉम्युटेटरवर नीट बसले आणि गुरगुर थांबली.