मिस्ट आणि रिव्हन खेळताना या चुका टाळा

सायन कंपनीचा मिस्ट हा कोड्यांचा संगणक खेळ १९९३ साली आला, त्याचा पुढचा भाग रिव्हन १९९७ ला. आजही नांदेड-लातूरकडची शिकणारी पोरं जुन्या लॅपटॉपवर स्कमव्हीएम (जुने खेळ चालवणारा प्रोग्राम) टाकून हे खेळ सुरू करतात, याचा मनापासून आनंद वाटतो. पण अडकल्यावर येणारे प्रश्न तेच ते असतात. आवाज बंद, वही कोरी आणि माउसवर क्लिकचा सपाटा. या खेळांत अंदाजाने सुटणारं कोडं जवळजवळ नाहीच. उत्तर कुठेतरी दाखवलेलं किंवा ऐकवलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रॉकेट दिसलं की आधी त्यातच बसायचं. रॉकेट नेतं सेलेनिटिक एजमध्ये (एज म्हणजे खेळातलं एक वेगळं जग), आणि तिथून परतीची वाट जाते भूमिगत चक्रव्यूहातून. त्यातली गाडी प्रत्येक थांब्यावर एक आवाज करते. मूळ आवाज चार, चार दिशांचे. दोन आवाज एकत्र आले तर मधली दिशा, म्हणजे उत्तर आणि पूर्व मिळून ईशान्य. पण कोणता आवाज कोणत्या दिशेचा, हे कळतं मेकॅनिकल एजमध्ये, किल्ला फिरवताना. तो एज राहिलेला असेल तर चक्रव्यूहात नुसती भटकंती होते. परभणीच्या एका कॉलेजच्या पोराने चौकडीच्या वहीची सहा पानं भरून या बोगद्यांचा नकाशा काढला होता. रात्री घरचे झोपलेले म्हणून आवाज पूर्ण बंद. प्रत्येक वळण सारखंच दिसतं, त्यामुळे तिसऱ्या पानावरचा बोगदा पाचव्या पानावर पुन्हा आला तरी ओळखू आला नाही. तीन रात्री गेल्या. शेवटी जुना सेव्ह उघडून तो आधी मेकॅनिकल एजमध्ये गेला, चार आवाज वहीत लिहिले आणि हेडफोन लावला. मग अर्ध्या तासात बाहेर. म्हणून क्रम असा ठेवा: मेकॅनिकल आधी, सेलेनिटिक नंतर. आवाजाला नाव द्यायचं ते आपल्या भाषेत द्या, ‘टिंग’, ‘खट्’, जे कानाला वाटेल ते. तेच लक्षात राहतं.

रॉकेटमधल्या पाच सरकपट्ट्यांवर सूर जुळत नसेल तर पट्टी तळापासून हळूहळू वर न्या. घरात भजनाला पेटी वाजवणारं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा. हा फसवणुकीचा मार्ग नाही, कानाचंच काम आहे.

रॉकेटला वीज बरोबर ५९ व्होल्ट लागते. जास्त झाली की ब्रेकर उडतो आणि खांबावर चढून तो परत ओढावा लागतो. बटणं भराभर दाबू नका. एकेक दाबून काटा कितीने वाढला ते लिहा, मग बेरीज करा.

स्टोनशिप एजमधली दीपगृहातली पेटी बुडालेली राहते, कारण लोक तोटी उघडून पाणी काढतात आणि ती तशीच उघडी सोडतात. आधी दीपगृहातलं पाणी उपसा, पेटीची तोटी उघडा, पाणी निघालं की तोटी बंद करा, मग दीपगृह पुन्हा भरू द्या. पेटी तरंगत वर येते. तिथल्याच जनित्राचा दांडा पूर्ण फिरवून घ्या. अर्धवट फिरवला तर बोगद्यात मध्येच अंधार होतो.

जुन्या मिस्टमध्ये सेव्ह आपोआप होत नाही. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा प्रत्येक कोड्यानंतर सेव्ह करा, आणि दर वेळी नव्या नावाने.

आता रिव्हन. इथे लोक उत्तरं शोधून आकडे टाकतात आणि ‘गेम बिघडला’ म्हणतात. गेम बिघडलेला नसतो. घुमटाचा पाच आकड्यांचा संकेत प्रत्येक नव्या खेळात वेगळा असतो, कथेतल्या कॅथरीन या पात्राच्या डायरीतला दुर्बिणीचा संकेतही तसाच. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या काही कामाचं नाही. त्यात २०२४ ला आलेल्या नव्या रिव्हनमध्ये अनेक कोडीच बदलली आहेत, त्यामुळे १९९७ च्या खेळाची मार्गदर्शिका तिथे उघडूच नका.

त्यापेक्षा आकडे शिका. खेळाच्या कथेतल्या ड्नी लोकांची मोजणी २५ वर चालते. रिव्हनमधल्या शाळेतल्या खेळण्यावर १ ते १० पर्यंतच आकडे दिसतात, पुढचे स्वतः बांधावे लागतात. एकाची खूण चौकोनात ९० अंशांनी फिरवली की पाच होतो, दोनाची फिरवली की दहा, तिनाची फिरवली की पंधरा. पाचाच्या खुणेवर एकाची खूण ठेवली की सहा. एवढं उमगलं की २४ पर्यंतचे आकडे वहीच्या एका पानावर बसतात. घाई करणारे नेमकं हेच पान टाळतात आणि मग रंगीत गोट्या ठेवायच्या २५ बाय २५ च्या जाळीसमोर हताश होऊन बसतात. ६२५ भोकं आहेत. अंदाजाने काय लागणार?

रिव्हनमधले गोल लाकडी डोळे फिरवताना मागचा आकडा सगळे लिहितात, प्राण्याचा आवाज लिहीत नाहीत. दोन्ही लिहा.

आणि दारं. रिव्हनमध्ये दार उघडून पुढे पळायची सवय महागात पडते. बॉयलरच्या बेटावर गुहेतलं दुहेरी दार आत गेल्यावर मागे बंद केलं तरच दोन्ही बाजूंच्या वाटा दिसतात. उघड्या दाराच्या पल्ल्यांनी त्या झाकलेल्या असतात. कुठेही वाट संपली असं वाटलं, की आधी मागचं दार लावून पाहा.

मिस्टच्या शेवटी मात्र पांढरं पान हातात असल्याशिवाय हिरव्या पुस्तकातून ॲट्रसकडे (ही जगं पुस्तकांत लिहिणारं कथेतलं पात्र) जाऊ नका. रिकाम्या हाताने गेलात तर त्याच्याबरोबर तुम्हीही तिथेच अडकता. पान मिळवायचं तर मिस्ट बेटावरचे आठही खुणेचे खटके वर करा, मग धक्क्याजवळचा तेवढा खाली करा.